कागदाची कळशी

गिऱ्हाईक बाईनं फळीवरची कळशी उचलली, उलटी केली, बुडाला टिचकी मारली आणि तिचा चेहरा पडला.

"अण्णा, ही बोलंना की ओ," ती म्हणाली.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान. तिथं भांडं वाजवूनच घेतात. तांबं असो, पितळ असो, टिचकी मारायची, कान द्यायचा, मग भावाचं बोलायचं. ही कळशी नुसती 'थप्प' म्हणाली होती. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती बाईच्या हातातून घेतली. पितळी कळशीला लागतो तेवढा जोर त्यांनी लावला आणि हात एकदम कपाळापर्यंत वर गेला, कारण कळशीला वजनच नव्हतं. ती कागदाच्या लगद्याची होती. मी केलेली. मागच्या अंगणात वाळत ठेवली होती आणि माझ्या धाकट्या भावानं, श्रेणिकनं, खरी समजून बाकीच्या भांड्यांबरोबर एकदम उचलून दुकानात लावली होती.

"त्रिशला!" अण्णांची हाक बसस्टँडपर्यंत गेली असेल.

मी आले. बाई माझ्याकडं आणि कळशीकडं आळीपाळीनं बघत होती.

"कागदाची हाय व्हय ही? मग पाणी कसं ठरायचं हिच्यात?"

"ठरत नाही," मी म्हणाले.

"मग केलीस कशाला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी कला महाविद्यालयात काही वर्षं घोकलं होतं, पण ते दुकानात चालण्यासारखं नव्हतं. बाई समोरच्या दुकानात गेली. अण्णांनी कळशी माझ्या हातात दिली आणि गादीवर बसून टोपी काढली. टोपी काढली की समजायचं, आता निकाल लागणार.

"चार पिढ्या आपण लोकांना भांडी विकली," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा गिऱ्हाईक आपल्याला फसवं म्हणून गेलं. ते मागच्या खोलीतलं तुझं दुकान बंद कर."

मागची खोली हाच आमच्या घरातला जुना तंटा. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, पण भांडायला खोली एक. अर्ध्या खोलीत मोड असायची. लोक जुनी भांडी आणून देतात, त्यांचं वजन नव्या भांड्याच्या किमतीतून वळतं होतं, त्या जुन्या भांड्यांना आमच्याकडं मोड म्हणतात. मोड आठवडाभर तिथं पडायची. मंगळवारी अण्णा घण घेऊन बसायचे, एकेक भांडं चपटं करायचे आणि पोत्यात भरून वितळवायला पाठवायचे. उरलेल्या अर्ध्या खोलीत माझ्या बादल्या, डिंक, रद्दी आणि मी. श्रेणिकला ती सगळी खोली पाहिजे होती. तिथं पांढरा पडदा आणि दिवे लावून त्याला भांड्यांचे फोटो काढायचे होते आणि मोबाइलवरून गावोगाव विकायचे होते.

"श्रेणिकचा धंदा तरी होईल," अण्णा म्हणाले. "तुझं काय होणार हाय?"

"माझं काम प्रदर्शनात लागेल."

"कुठल्या?"

मी कोल्हापूरच्या एका मोठ्या कलाप्रतिष्ठानाचं नाव सांगितलं. दरवर्षी तिथं राज्यभरातलं काम यायचं. अण्णांनी टोपी परत घातली.

"ठरलं तर मग. दिवाळीपर्यंत. त्यांनी तुला निवडलं तर खोली तुझी, मोडीसकट पुरी. न्हाई निवडलं तर श्रेणिकची. परत रडायचं न्हाई, भांडायचं न्हाई."

अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. गावात कुणी पैज लावताना साक्षीला त्यांना बोलवायचं. आणि खरं सांगते, त्या खोलीशिवाय मला करण्यासारखं काही नव्हतं. आत्यांनी माझ्यासाठी दोन स्थळं काढून ठेवली होती, त्यातल्या एकाचं तर प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान होतं.

मी जे करत होते ते सांगते. कळशी, तांब्या, कडीचा डबा, किटली, परात, जेवायची पितळी. सगळी जुनी भांडी, हातानं, कागदाच्या लगद्यातून. वर रंगाचे असे काही थर, की पितळ कुठं घासलंय आणि कुठं काळं पडलंय ते दिसावं. जिथं पोचा, तिथं पोचा. जिथं कडी तुटून तार बांधलेली, तिथं तार. आणि प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव, कारण आमच्या भागात नाव घातल्याशिवाय भांडं कुणी कुणाला देत नाही. 'चि. सौ. कां. सुलोचना हिस मामाकडून.' असं.

प्रतिष्ठानाचं सगळं काम मोबाइलवर. काम आणून दाखवायचं नाही, फोटो पाठवायचा. श्रेणिकनं फोटो काढले. भावाला खोली पाहिजे होती, पण बहिणीचं वाईट करायचं त्याच्या मनात कधी नव्हतं. त्यानं जीव ओतून काढले. फोटो इतके चांगले आले, की तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

'महोदया, आपण पाठविलेली छायाचित्रे जुन्या भांड्यांची आहेत. कृपया कलाकृतीची छायाचित्रे पाठवावीत.'

मी कळवलं, की हीच कलाकृती आहे. पुन्हा उत्तर आलं. 'प्रतिष्ठान जुनी भांडी स्वीकारीत नाही. तसेच भांड्यांवरील नावे पाहता ती निरनिराळ्या व्यक्तींच्या मालकीची दिसतात. मालकी हक्काबाबत खुलासा करावा.'

म्हणजे आता चोरीचा आळ. माझी जीभ संकेश्वरी मिरचीच्या मुलखात वाढलेली. मी फोन लावला. पलीकडं करंबेळकर मॅडम म्हणून कुणी होत्या.

"मॅडम, ती भांडी कागदाची आहेत."

"फोटोत पितळेची दिसतात."

"दिसणारच. तशी केलीत."

"अहो, पण मग ती कागदाची दिसायला नकोत का?" मॅडम समजूत घालत म्हणाल्या. "परीक्षकांना कसं कळणार तुम्ही काही केलंय ते? थोडं कलात्मक करा. थोडं बिघडवा."

"बिघडवू?"

"हो, म्हणजे आपल्या मनाचं घाला ना त्यात काहीतरी. एखादा डोळा वगैरे."

मी फोन ठेवला. कळशीला डोळा! त्या दिवशी मी जेवले नाही. लगदा इतका मळला, की त्याचं दही झालं. श्रेणिक दारात उभा राहून बघत होता.

"अक्का, तू फक्त फोटोत हरतेस," तो म्हणाला. "वस्तूत हरत नाहीस. मग फोटोच सुधारायचा की."

"फोटोला हात लावायचा नाही."

"बरं," तो म्हणाला. श्रेणिकचं 'बरं' खरं का खोटं, ते फक्त आमच्या आईला ओळखता यायचं.

त्या दिवसांत कॉम्प्युटर नुकताच चित्रं काढायला शिकला होता. शिकाऊ माणसाचा उत्साह दांडगा असतो. श्रेणिकनं माझा फोटो त्याच्यापुढं टाकला आणि सांगितलं, हे शिल्प आहे, शिल्पासारखं दिसू दे. कॉम्प्युटरनं करंबेळकर मॅडमचं म्हणणं तंतोतंत ऐकलं. बिघडवलं. ते चित्र श्रेणिकनं मला न विचारता पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी निवड झाली.

आधी अण्णांना कळलं, मग मला. प्रतिष्ठानानं दुकानाच्या नंबरवर फोन केला होता. अण्णांनी समोरच्या दुकानदाराला पेढे दिले, ज्याच्याकडं ती बाई गेली होती त्यालाच. आत्यांना फोन केला, प्लास्टिकच्या बादल्या नको म्हणून सांगितलं. मग खोलीची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. "जिंकलीस," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं त्यांनी मी दहावी झाले तेव्हा केलं होतं.

मी हरखून गेले होते. वीस पावलं चालले असेन-नसेन आणि श्रेणिकनं मोबाइल पुढं केला.

"आता रागावू नको," तो म्हणाला.

मोबाइलवर धुक्यात तरंगणारी एक कळशी होती. उजेड असा, की जणू सत्यनारायणाला बसलीय. तिला दोन तोंडं होती. कडी गळ्यापासून निघून पोटात शिरत होती आणि परत बाहेर आलीच नव्हती. शेजारी एक तांब्या होता, तो अर्धा तांब्या आणि अर्धा स्वतःचीच सावली. आणि पोटावर जिथं नाव असतं तिथं अक्षरं होती. लांबून बघितलं तर मराठी. जवळून बघितलं तर कुठलीच नाहीत. काना, मात्रा, वेलांट्या सगळं होतं, फक्त अक्षर नव्हतं.

खाली परीक्षकांचा अभिप्राय होता. 'धातूच्या विस्मृतीचा आणि लिपीच्या विघटनाचा अस्वस्थ करणारा आविष्कार.'

मी श्रेणिकला झाडूनं मारलं. तो पंचविशीचा घोडा, पण पळाला नाही, उभा राहून खाल्ला मार. मग आम्ही दोघं बसून प्रतिष्ठानाला लिहिलं, की ते चित्र चुकून गेलं, ते आमच्या कामाचं नाही, खऱ्या कामाचे फोटो हे. उत्तर आलं, 'अभिनंदन!' मी परत फोन लावला.

"मॅडम, ते चित्र मी केलेलं नाही. कॉम्प्युटरनं केलंय."

"निवड झालीय तुमची," करंबेळकर मॅडम म्हणाल्या. "आता निवड रद्द करायची सोय नाही आमच्याकडं. नाकारलेल्यांसाठी अपील आहे, निवडलेल्यांसाठी काही नाही. तुम्ही असं करा, मूळ कलाकृती घेऊन या. उद्घाटनाच्या सकाळी पडताळणी असते, तिथं बोला."

मला तेवढं बरं वाटलं. मूळ कलाकृती डोळ्यांनी बघतील, हातात घेतील, मग फोटोचं काय घेऊन बसायचं. तरी दोन दिवस मी ती दोन तोंडांची कळशी करायचा प्रयत्न केला, हेही सांगून टाकते. इरेला पेटले होते. लगदा घेतला आणि ती कडी कुठं जाते ते बोटांनी शोधत बसले. डोळ्यांना सगळं पटायचं, हाताला पटायचं नाही. कडी पोटात गेली, की पोट फुटायचं. तिसऱ्या दिवशी मी तो गोळा बादलीत परत टाकला आणि माझी भांडी फडक्यात बांधायला घेतली.

अण्णांना हे काहीच ठाऊक नव्हतं. सांगायला तोंड उघडलं, की ते म्हणायचे, "आता परत काय? जिंकलीस की." उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवलं. अमावस्येशिवाय बंद न राहणारं दुकान! लग्नातला कोट घातला. टेंपोत मागं भांडी, पुढं आम्ही तिघं. वाटेत निपाणीच्या अलीकडं चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी हॉटेलवाल्याला आपण होऊन सांगितलं, "पोरीचं प्रदर्शन हाय."

प्रतिष्ठानाचं दालन मोठं, थंडगार. दारावर पाटी, 'शिल्प विभाग'. आत गेलो तर भिंतीला ओळीनं टीव्ही. एका टीव्हीत लाकडी घोडा गोल फिरत होता. दुसऱ्यात दगडी बाई. तिसऱ्यात माझी दोन तोंडांची कळशी फिरत होती, आणि श्रेणिकनं तर एकच बाजू पाठवली होती. दुसरी बाजू त्यांनी स्वतःच तयार करून घेतली होती. प्रत्येक टीव्हीखाली पाटी होती, 'कृपया शिल्पास हात लावू नये.'

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ही तुझी?"

"नाही, अण्णा," मी म्हणाले, आणि तिथंच उभं राहून त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. श्रेणिक अण्णांच्या कोटाच्या गुंड्यांकडं बघत राहिला. अण्णा टीव्हीतल्या कळशीभोवती फिरायला गेले आणि भिंत आडवी आल्यावर थांबले.

पडताळणीचं टेबल उपाहारगृहाच्या दाराशी होतं. आम्ही भांडी मांडली. ती मांडून होतात-न होतात तोवर कुणीतरी माझी किटली उचलून चहा भरायला निघालं होतं, ती मी हिसकावून घेतली. करंबेळकर मॅडम हातात टॅब घेऊन आल्या. एकदा टॅबकडं बघायच्या, एकदा टेबलाकडं.

"जुळत नाही," त्या म्हणाल्या.

"मी फोनवर तेच सांगत होते."

"हिला एकच तोंड आहे."

"कळशीला एकच असतं, मॅडम."

त्या धावत जाऊन संचालकांना घेऊन आल्या. राजोपाध्ये त्यांचं नाव. खादीचा झब्बा, गळ्यात चष्मा, हातात अर्धा प्यालेला चहा. ते सावकाश टेबलाभोवती फिरले आणि चहाचा कप माझ्या परातीत ठेवला. अण्णांनी तो उचलून त्यांच्या हातात परत दिला.

"ओरिजिनल कुठंय?" राजोपाध्येंनी विचारलं.

"हेच," मी म्हणाले.

"नाही, नाही. ओरिजिनल म्हणजे चित्रातलं."

"ते कुठंच नाही. ते कॉम्प्युटरनं ह्याच्यावरून काढलंय. काम हे आहे. कागदाचं आहे, हातात घेऊन बघा."

त्यांनी हातात घेतलं नाही. त्यांनी मान मागं करून डोळे मिटले. आता माझी हकालपट्टी होणार असं मला वाटलं, आणि खरं म्हणजे मनातून बरंही वाटलं. पण त्यांचा चेहरा उजळत गेला.

"म्हणजे वस्तू अस्तित्वातच नाही!" ते म्हणाले. "करंबेळकर, हे तर आणखीच मोठं आहे. जे शिल्प नाही त्याचं शिल्प. आपण हिला विशेष पुरस्कार देऊ. ते चित्र प्रदर्शनाच्या भित्तीपत्रकावर घेऊ."

"आणि ह्या भांड्यांचं?" मी विचारलं.

"ही तयारीची सामग्री झाली. परत घेऊन जा. गाडीभाडं देऊ आम्ही." त्यांनी मॅडमना खूण केली. मॅडमनी एक प्रमाणपत्र आणलं. जाड कागद, सोनेरी कड, मधोमध माझं नाव. "इथं खाली सही करा, की ही कलाकृती आपली आहे. संपलं."

संपलं म्हणजे काय, ते तिथं फक्त आम्हा तिघांना कळत होतं. सही केली, की खोली माझी. किल्ली तर कमरेलाच होती. मला खोली पाहिजे होती. इतकी पाहिजे होती, की पेन मी हातात घेतलं होतं.

अण्णा पुढं झाले. "साहेब, एक विचारू का? त्या टीव्हीतल्या कळशीवर नाव कुणाचं हाय?"

"कुणाचंच नाही," राजोपाध्ये हसून म्हणाले. "तेच तर सौंदर्य आहे, काका. नाव मिटून गेल्यानंतरची लिपी आहे ती."

"मिटलेलं न्हाई ते. घातलेलंच न्हाई." अण्णा गुरगुरले. "चाळीस वर्षं मी भांड्यावर नावं घालतोय. कुणाला आणि कुणाकडून, एवढं विचारल्याबिगर मी मशीन हातात घेत न्हाई."

असं म्हणून ते टेबलाकडं वळले आणि त्यांनी माझी कळशी उचलली. ह्या वेळी जोर लावला नाही. चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरली. मी जे करत होते ते त्यांनी आजवर कधी वाचलं नव्हतं. वाचायला लागले आणि वाचतच राहिले.

"सुलोचना," ते म्हणाले. "नांगनूरची. मामानं दिलेली. हे मी घातलेलं अक्षर हाय."

"हो, अण्णा."

"'सु' वाकडा आलाय."

"तुम्हीच वाकडा घातला होता."

त्यांनी कळशी खाली ठेवली आणि तांब्या घेतला. मग डबा. मग परात. एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले. ही हलकर्णीच्या शिक्षकांची. हा कडीचा डबा महागावच्या बाईचा, तिच्या सुनेला स्टीलचे पाहिजे होते. ही परात एका घराच्या वाटण्या झाल्या तेव्हाची, तीन भावांना एक परात कशी द्यायची म्हणून मोडीत आलेली. राजोपाध्ये घड्याळ बघत होते. श्रेणिकनं मोबाइल खिशात ठेवला होता.

"ही सगळी मी ठोकली," अण्णा म्हणाले. "मंगळवारी. घणानं. ठोकताना नाव खाली घालून ठोकायचो."

मला हे ठाऊक होतं. नाव वर असलं, की त्यांचा हात उचलायचा नाही, म्हणून ते भांडं फिरवून घ्यायचे. आठवडाभर मोड खोलीत पडायची ती मी रोज बघायचे, आणि मंगळवार यायच्या आत जमेल तेवढं कागदात करून घ्यायचे. एवढंच माझं काम होतं. कला महाविद्यालयात शिकलेलं उत्तर त्यापुढं फार लांबलचक होतं.

"काका, ओरिजिनल हे नाही म्हणून तर मी सांगतोय," राजोपाध्ये म्हणाले.

"बरोबर हाय साहेब तुमचं," अण्णा म्हणाले. "ओरिजिनल मी वितळवून खाल्लं. हे तेवढं राहिलंय." मग माझ्याकडं वळले. "सही करणार हाईस?"

"नाही."

"निवड गेली तर खोली गेली. ठाऊक हाय न्हवं?"

"ठाऊक आहे."

"परत रडायचं न्हाई, भांडायचं न्हाई."

"नाही रडणार," मी म्हणाले, आणि तिथंच रडायला लागले. रडत रडत राजोपाध्येंना सांगितलं, "प्रमाणपत्रावरचं माझं नाव काढा."

"नाव काढता येणार नाही, छापलंय ते," करंबेळकर मॅडम घाबरून म्हणाल्या.

अण्णांनी प्रमाणपत्र घेतलं, नावाच्या वरून आणि खालून नीट दुमडलं, नावाची पट्टी फाडून कोटाच्या खिशात घातली आणि उरलेले दोन तुकडे मॅडमना नमस्कार करून परत दिले. "उचल परात," ते श्रेणिकला म्हणाले.

त्या दोन तोंडांच्या कळशीचं पुढं सगळं चांगलं झालं. भित्तीपत्रकावर आली. 'अनामिक' म्हणून तिला विशेष पुरस्कार मिळाला. आता इतक्या वर्षांनीसुद्धा ती कधी लग्नपत्रिकेवर, कधी पाणपोईच्या फलकावर, कधी कुणाच्या शुभ सकाळमध्ये येते. मध्यंतरी एका आत्यानं मला पाठवली होती, खाली लिहिलं होतं, 'तुझ्यासारखीच कुणीतरी केलीय बघ.'

परतीच्या वाटेवर निपाणीच्या हॉटेलवाल्यानं विचारलं, "झालं प्रदर्शन?" अण्णा म्हणाले, "झालं. चहा टाक." मी भांडी मांडीवर घेऊन मागं बसले होते, कारण टेंपोत ती आदळत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी खोली रिकामी करायला घेतली. अण्णांच्या शब्दावर वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि मलाही घालायचा नव्हता. बादल्या बाहेर काढल्या, रद्दीचे गठ्ठे बांधले. कुठं नेऊन ठेवायचं ते सुचत नव्हतं. अण्णा आले, त्यांनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली आणि श्रेणिकला हाक मारली.

"घे. खोली तुझी."

"मला नको," श्रेणिक म्हणाला. तो रात्रभर झोपला नसावा. "अण्णा, माझ्यामुळं झालंय सगळं. अक्कालाच राहू द्या."

"नको कसं? ठरलं ते ठरलं. शब्द मोडायला मी काय प्रतिष्ठान हाय?" त्यांनी किल्ली त्याच्या खिशात कोंबली आणि तरातरा दुकानाकडं गेले.

थोड्या वेळानं तिकडून लोखंड घासल्याचा आवाज आला. आम्ही दोघं धावलो. दुकानाच्या दर्शनी भागात, गादीला लागून, काचेच्या कपाटात प्रेशर कुकर आणि नॉनस्टिक तवे असायचे. सगळ्यात खपाचा माल. अण्णांनी कपाट सरकवून भिंतीला लावलं होतं, कुकर खाली काढले होते आणि रिकाम्या जागेत घामाघूम होऊन उभे होते. अंगणात मी ठेवलेली लगद्याची बादली त्यांनी तिथं आणून ठेवली होती. शेजारी मोडीत आलेला एक हंडा होता, अजून न ठोकलेला.

"कुकर तुझ्या खोलीत ने," ते श्रेणिकला म्हणाले. "त्यांचे फोटो चांगले येतात."

"आणि इथं?" मी विचारलं.

"इथं तू बस. बाहेरचा उजेड हाय. उद्या मंगळवार, त्याच्या आधी ह्या हंड्याचं बघ."

"अण्णा, पण तुम्ही शब्द दिला होता."

"खोलीचा दिलेला," अण्णा म्हणाले. "दुकानाबद्दल मी काय बोललो न्हवतो."